अख्खं कोहळं

यंदा मी कोहळं लावलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बाईला हौसच दांडगी. आळं केलं नाही, बी टोचलं नाही, शेणखत टाकलं नाही. तरी मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर वाडीतल्या उकिरड्यावर दोन जाड, गुळगुळीत पानं वर आली आणि मीच आवतन देऊन बोलावल्यासारखी ऐटीत उभी राहिली. गेल्या साली कोहळ्याचा गाभा काढून तिथे फेकला होता, त्यातलंच एखादं बी असणार. उपटून टाकावं म्हणून वाकले. उपटलं नाही. तिथेच चुकलं.

आता भादवा लागलाय. वेलाने आधी कुंपण गिळलं, मग न्हाणी, मग कपडे वाळत घालायची तार. परवा सकाळी पाहते तर एक कोवळा शेंडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन गॅसच्या शेगडीकडे निघालेला. मी त्याला बोटाने बाहेर ढकलते, दुसऱ्या दिवशी तो परत हजर. तीस वर्षं आठवी-नववीच्या वर्गांना विज्ञान शिकवून निवृत्त झाले, एवढी निर्ढावलेली पोरं वर्गातसुद्धा पाहिली नाहीत.

बाकीचा महाराष्ट्र ज्याला लाल भोपळा म्हणतो, ते आमचं कोहळं. आमचं म्हणजे विदर्भाचं. माझं माहेर वर्ध्याचं, तिथेही कोहळंच. पण लग्न होऊन इकडे केशोरीला आले आणि पहिल्याच आठवड्यात फसले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या घरात सासूला आत्याबाईच म्हणतात, त्यांनी चुलीपुढून विचारलं, "कोहरं चालते का व तुले?" इकडच्या झाडीबोलीत ळ नसतो, त्याचा र होतो, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. डोळ्याचा डोरा, आंघोळीची आंघोर. मी ऐकलं 'कोरडं'. वाटलं, आज कालवण नाही, कोरडंच जेवायचं आहे, नवी सून म्हणून विचारतायत बिचाऱ्या. म्हटलं, "हो, रोज चाललं तरी काही हरकत नाही." पुढचे नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ कोहळं खाल्लं. दहाव्या दिवशी ह्यांनी, माझ्या यजमानांनी, न राहवून आईला विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिलेच आवडते बाबा, माह्यावर कायले तापतेस?"

आमचं नातं तेव्हापासून विळ्या-भोपळ्याचं. विळा कोण आणि भोपळा कोण, हे दिवसावर अवलंबून.

सध्या आत्याबाई तिरोड्याला आहेत, माझ्या नणंदेकडे. गुडघ्याला मालीश करणारी कोणी बाई तिथे भेटली आहे म्हणे. बोदलकशाच्या तलावाची ताजी मासोळी मिळते म्हणून मुक्काम लांबला, असा मला संशय आहे. रोज सकाळी नणंद मोबाईल त्यांच्या तोंडापुढे धरते आणि त्यांचा अर्धा कान आणि पाव कपाळ माझ्याशी बोलायला लागतं. "वेल दाखव व." मी मोबाईल घेऊन वाडीत जाते. "हे बघा, एक इथं धरलंय. एक तिथं, न्हाणीवर. आणि हे..."

"बोट वाकव! बोट वाकव व बाई! जारशीन का पोराले?"

तर हा बोटाचा कायदा. कोवळ्या कोहळ्याला सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते पिवळं पडतं आणि गळतं. दाखवायचंच असेल तर तर्जनी मुडपून, पेराचं हाड पुढे करून दाखवायचं. आमच्या केशोरीत मोठमोठी माणसं, ट्रॅक्टरवाली, मुलांना इंजिनीअर केलेली, कोहळ्याच्या मांडवाखाली उभी राहिली की अशी वाकडी बोटं करून बोलतात. पहिल्या वर्षी मी मुद्दाम, सगळ्यांसमोर, एका लिंबाएवढ्या फळाला सरळ बोट दाखवलं. चौथ्या दिवशी ते पिवळं पडलं आणि सहाव्या दिवशी गळालं.

मी समजावून सांगितलं. कोहळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच इवलंसं फळ असतं. पण परागकण पोचले नाहीत तर ते वाढत नाही, गळतं. आठ दिवस झड लागली होती, माश्या कुठून येणार? वर्गात समजावते तसं चित्र काढून समजावलं. आत्याबाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माशीनं बोट दाखवलं का तूनं?"

त्या दिवसापासून कोहळ्याच्या बाबतीत विज्ञान बोलायचं नाही, असा मी कानाला खडा लावला. पण माझाही स्वभाव चांगला नाही. पुढे कित्येक वर्षं, पहाटे फुलं उमलली की नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून, मी ते मादी फुलात फिरवून यायची. गुपचूप. फळं धरायची ती माझ्यामुळे आणि शाबासकी मिळायची वाकड्या बोटांना.

कोहळ्याचा राग यायला कारणं कमी नाहीत. पानांवर हात फिरवला तर कोपरापर्यंत खाज सुटते. कोवळ्या पानांवर लाल भुंगे बसतात, त्यांच्यासाठी रोज सकाळी चुलीची राख भुरभुरायची. राख पडली की पाऊस हमखास येणार आणि धुऊन नेणार. तोवर नाकात राख, केसांत राख, नोकरीत होते तेव्हा शाळेत पोरं विचारायची, "मॅडम, आज होळी हाये का?" मग वानरं. आमच्याकडचं वानर कोहळं खात नाही. ते उचलून बघतं, एक दात लावतं, नापसंत करतं आणि छपराच्या कवेलूवरून खाली सोडतं. दुसरं उचलतं. खाल्लं असतं तर मी काही बोलले नसते.

आणि ह्या सगळ्यावरचा कळस म्हणजे पहिला घाव.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा. अख्ख्या कोहळ्याला बाईने सुरी लावायची नाही. लावली तर ती थोरल्या लेकाला लावल्यासारखी होते. पहिला घाव पुरुषाने घालायचा. एकदा का कोहळ्याचे दोन भाग झाले की ते नुसतं भाजीचं फळ. मग पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून त्याच्या फोडी करायला, सोलायला, शिजवायला, वाढायला आणि उष्टी काढायला बाईला पूर्ण मोकळीक. बी तिने टोचायचं, राख तिने टाकायची, वानरामागे काठी घेऊन तिने धावायचं. आणि शेवटी एक घाव घालायला घरातला पुरुष पेपर बाजूला ठेवून उठणार आणि वर म्हणणार, "हं, झालं तुमचं काम."

हे तसंच म्हणायचे. घाव घालायच्या आधी कोहळ्यावर टिचकी मारून कान लावायचे, डॉक्टरने छाती तपासावी तसे. मग सुरी रोवून, वर तळहाताचा एक ठोका. कोहळं फुटताना कर्र असा आवाज यायचा आणि आतून तो ओला, गोडसर वास. ह्यांना कोहळ्याचे बोंड फार आवडायचे. वाफवलेलं कोहळं, गूळ आणि कणीक कालवून तेलात सोडलेले, बाहेरून काळपट आणि आतून मऊ. पहिल्या घाण्यातले दोन उभ्या उभ्या खायचे, तोंड भाजलं की माझ्यावरच ओरडायचे. मला त्या माणसाचा त्या घटकेला इतका राग यायचा! आता तो राग करायलाही माणूस नाही.

एका फाल्गुनात हे गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, ब्रह्मपुरीच्या दवाखान्याच्या वाटेवर अर्ध्यातच संपलं. आत्याबाईंचा थोरला मुलगा. त्या वर्षी वाडीत काहीच लावलं नाही. पुढच्या फाल्गुनात वर्षश्राद्ध झालं, आणि मृग लागल्यावर एका सकाळी पाहते तर आत्याबाई काठी टेकत वाडीत उभ्या. काठीच्या टोकाने भोकं पाडत होत्या आणि प्रत्येक भोकात एक बी.

"हे काय करताय? पावसात घसरून पडाल."

"यंदा त्याचं पहिलं पितर हाये," त्या म्हणाल्या. "पानावर कोहरं लागन. इकतचं नोको. घरचं पायजे."

मी सांगायला बसले आहे तो हंगाम हाच. आमच्याकडे पितरांच्या पानावर कोहळ्याची भाजी लागतेच, त्याशिवाय पान पूर्ण होत नाही. त्यातून ह्यांचं पान. भाजी तर हवीच, शिवाय बोंड हवे. आत्याबाईंनी तो हंगाम जणू परीक्षेचा असल्यासारखा काढला. सकाळ झाली की वाडीत, जेवण झालं की वाडीत. मला तर त्या वेलाने वेड लावायचंच बाकी ठेवलं होतं. शाळेतून दमून यावं तर दारातच हजेरी सुरू. "अठी राख नाई पडली." "त्या पानाखाली भुंगा हाये." "तूनं बोट तं नाई ना दाखवलं?" वर्गात भोपळा मिळालेल्या पोरांना रोज समजावून येणारी मी, घरी येऊन भोपळ्याकडूनच बोलणी खायची.

आणि तो वेल असा माजला, काय सांगू! एक फांदी शेजारच्या मनिरामभाऊजींच्या गोठ्यावर गेली. तिथे तिला सगळ्यात मोठं फळ धरलं. मुळं आमच्याकडे, फळ त्यांच्याकडे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, फळ तं माह्या टिनावर हाये जी." मी म्हटलं, "वेलाला काय माहीत भाऊजी टिन कोणाचं ते." यावर आठ दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. दोन पोक्त घरं एका कोहळ्यापायी अबोला धरून बसलेली.

तो अबोला मला मोडावा लागला. का? तर पहिला घाव. ऑगस्ट अखेरीस पहिलं कोहळं तयार झालं, देठ वाळून लाकडासारखा झाला, सालीत नख रुतेना. घरात पुरुष नाही. माझा मुलगा निखिल पुण्याला नोकरीला. मी सुरी काढली तर आत्याबाई अशा किंचाळल्या की हातातून सुरीच पडली. मग मी कोहळं कमरेवर घेऊन, लेकरू घेतात तसं, मनिरामभाऊजींच्या दारात. "भाऊजी, जरा एवढं फोडून द्या." त्यांनी एक घाव घातला, दोन्ही भाग निरखून पाहिले, मोठा भाग स्वतःच्या ओसरीवर ठेवला आणि लहान माझ्या हातात दिला. आवळा देऊन कोहळा काढतात असं आपल्यात म्हणतात. ह्या माणसाने आवळासुद्धा दिला नाही.

असं चार वेळा झालं. चार कोहळी मी वाढवली आणि दोनाहून कमी खाल्ली. पाचव्या वेळी मी आत्याबाईंना म्हटलं, "मी सुरी लावत नाही. नुसतं ओसरीच्या पायरीवरून सोडते. आपोआप फुटेल."

"सोडनं म्हंजे मारनंच ना व?"

"मग पावशीवर ठेवते आणि तुम्ही डोळे मिटा."

"माहे डोरे मिटल्यानं का होते? देवाचे उघडे हायेत."

मी रागाने म्हणाले, "मी विज्ञानाची बाई आहे हो. शाळेत पोरांना सांगते, असलं काही नसतं. घरात मी कोहळं कापू शकत नाही हे त्यांना कळलं तर हसतील मला." त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेचा मला तेव्हा रागच आला.

पितरांसाठीचं कोहळं त्यांनी वेगळं राखून ठेवलं होतं. न्हाणीच्या कवेलूवर, खाली भाताच्या पेंढ्याची चुंबळ करून, वर पोत्याने झाकून, वानरांपासून. तिथीच्या दोन दिवस आधी मी उतरवलं. मधासारख्या रंगाचं, अंगावर पांढरी भुकटी, आणि इतकं जड की शिडीवरून उतरताना माझ्यासकट येणार होतं. निखिल पान ठेवायला पुण्याहून येणार, पहिला घावही तोच घालणार, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी मनिरामभाऊजी गावातच होते. म्हटलं, आत्ताच त्यांच्याकडून फोडून आणते, एका रात्रीत काही शिळं होत नाही. तर आत्याबाईंचं उत्तर तयार, "शिरं चालत नाई पितराले."

आणि तिथीच्या सकाळी व्हायचं तेच झालं. निखिलची गाडी उशिरा गोंदियाला पोचली, अर्जुनीकडची गाडी निघून गेलेली. साडेआठला त्याचा फोन, "आई, मित्राची बाईक घेऊन निघतो. कोहमाऱ्यावरून येतो. साडेअकरापर्यंत पोचतो." पाऊस होता. मी म्हटलं, "हळू ये," आणि फोन कटला. त्यानंतर लागेना. नवेगावच्या जंगलात रेंज नसते हे मला माहीत आहे. तरी दर पाच मिनिटांनी लावत होते.

बारा वाजायच्या आत कावळ्याला घास टाकायचा होता. वडे झाले, कढी झाली, गवारीची भाजी झाली, खीर झाली. दहा वाजले. कोहळं अख्खं, ओसरीवर परातीत बसलेलं. मनिरामभाऊजी भल्या पहाटे आपल्या थोरल्या भावाकडे पितरासाठी प्रतापगडकडे गेलेले. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. एकजण सायकलवर धानाच्या बांधीकडे निघालेला, त्याला थांबवलं. आत्याबाई आतून म्हणाल्या, "इचार त्याले, आंघोर झाली का." झाली नव्हती. पितरांच्या स्वयंपाकाला पारोसा हात चालत नाही. दुसरा आला, तोही पारोसा. तिसऱ्याची आंघोळ झाली होती, पण त्याने पाजलेला विळा खांद्यावर टाकला होता आणि तोंडाला सकाळीच वास येत होता. मी त्याला नुसता रामराम केला.

साडेदहा. भाजीला वेळ लागतो, बोंडाला त्याहून जास्त. मी घरात आले, पदर खोचला, सुरी घेतली आणि परातीपुढे बसले. म्हटलं, पुरे झालं. ह्या माणसाने आयुष्यभर माझ्या हातचं खाल्लं. आज त्याच्या पानावर कोहळं नाही, तेही घरात एवढं मोठं कोहळं असताना, आणि कारण काय तर मी बाई आहे. आत्याबाई समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं आता किंचाळतील. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी डावा हात कोहळ्यावर ठेवला. ते गार होतं. सुरीचं टोक देठाच्या बाजूला लावलं. नुसता तळहाताचा ठोका द्यायचा होता. आणि मला दिसली ती नवेगावची ओली सडक, वळणावर चढणारा ट्रक, आणि माझ्या पोराचं हेल्मेट. असलं काही नसतं. हे मी मनातल्या मनात म्हणाले, मग मोठ्याने म्हणाले. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं सगळं म्हणून पाहिलं. हात उठेना. मला माझीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पण हात उठेना. एका बाजूला गेलेल्या माणसाचं पान, दुसऱ्या बाजूला वाटेवरचा पोरगा, आणि मधे मी, सुरी धरून बसलेली पदवीधर बाई.

"सर तिकडं," आत्याबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून उठल्या, माझ्याजवळ आल्या, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या आणि माझ्या मुठीतून सुरी काढून घेतली.

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच तर..."

"जलमभर एका कोहऱ्याले सुरी नाई लावली मी," त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच होता, राख टाकली का विचारतात तसा. "दारोदार फिरली, आज याचे पाय धर, उद्या त्याचे पाय धर. तरी गेला ना माहा? मंग आता माह्या हाताले कायचं भेव? माहा हात मोकरा झाला. तुहा लेक वाटेवर हाये. तू नोको लावू."

आणि त्यांनी घाव घातला. त्यांना जमेना. सुरी सालीत अडकली. वर्षानुवर्षं पुरुषांच्या हातून पाहिलेलं, पण हाताला सवय कुठली? मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने ढकलला. दोन्ही हातांनी सुरीवर भार टाकून, दात खाऊन, त्या रेटत राहिल्या. शेवटी कर्र असा आवाज आला. केशरी गर उघडा पडला. त्यांनी दोन्ही भाग माझ्याकडे सरकवले, सुरी पदराला पुसली आणि म्हणाल्या, "आता चिर लवकर. वाजले किती ते पाह्य."

मी पावशी ओढली आणि चिरत सुटले. रडत होते की नाही ते आठवत नाही. फोडी मात्र त्या दिवशी लहान-मोठ्या झाल्या होत्या, काही कच्च्या राहिल्या.

पावणेबाराला निखिल आला. चिखलाने माखलेला, अंगावर एक धागा कोरडा नाही, दात वाजतायत आणि हसतोय. "वाचलो बुवा. माझ्यासाठी काय काम ठेवलंय? कोहळं कापायचंय ना?"

"झालं ते," आत्याबाई म्हणाल्या. "तू आंघोर कर."

पान वाढलं. निखिलने कवेलूवर घास ठेवला. कावळ्याने वड्याकडे बघितलंही नाही, खिरीत चोच घातली नाही. थेट बोंड उचलला आणि मनिरामभाऊजींच्या टिनावर जाऊन बसला. "पाह्य, पयल्या घाण्यातलाच उचलला," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या सबंध दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण गल्लीत काही लपून राहतं का? पुढच्या साली कोहळ्याच्या दिवसांत दुपारची कडी वाजली. दारात मागच्या घरची सून, कमरेवर कोहळं. तिचा नवरा नागपूरला, सासरा अंथरुणावर. तिने मान खाली घालून विचारलं, "आजी हायेत का?" मी दारातच उभी राहिले. म्हणजे, ह्या घरातला थोरला मुलगा गेला म्हणून इथे कोहळी फोडून मिळतात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला हाकलणारच होते. तर आतून आवाज आला, "येऊ दे व तिले."

मग येतच राहिल्या. एका दुपारी तर तिघी एकदम. ओसरीवर कोहळी रांगेने ठेवलेली आणि आत्याबाई सुरी घेऊन बसलेल्या. आता त्यांचा हात बसला होता, एका ठोक्यात फोडायच्या. बाया गेल्या की मी भांडायची. "त्यांना काही वाटत नाही, ठीक. तुम्हाला काही वाटत नाही? तुमच्या दुःखाची सुरी करून घेतली ह्या लोकांनी." त्या बिया वेगळ्या काढत असायच्या. "कटकट नोको करू. त्याहीचे लेकरं सुखी राहू दे. मले का, दोन हात हायेत." बायांनी अर्धं द्यायला पाहिलं तर एक फोडही घेत नव्हत्या. मनिरामभाऊजींचा मात्र हक्काचा वाटा बुडाला, म्हणून ते दोन वर्षं नाराज होते. तेवढंच मला बरं वाटलं.

तर ही यंदाची स्थिती. आत्याबाई तिरोड्याला. वेल, जो मी लावला नाही, त्याला सात कोहळी धरलीत. गल्लीतल्या बाया दर दोन दिवसांनी विचारतात, "आजी कधी येतीन?" पहिलं तयार झालेलं मी आज सकाळी उतरवलं आणि ओसरीवर ठेवलं. पितरांना आठ दिवस आहेत, निखिल येईल तेव्हा येईल. पण हे एक आजच संपवायला हवं, देठाजवळ वानराचा दात लागलाय, टिकणार नाही.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. मी वैतागून सगळं सांगितलं, वेल, वानर, मनिरामभाऊजी, सगळं. तो हसायला लागला. "अगं आई, तूच काप ना. विज्ञानाची बाई ना तू?"

मी कोहळ्याकडे पाहिलं. सुरी तिथेच, परातीत होती.

"माझा हात मोकळा नाही रे," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी कामात आहे. "बरं बरं, मग उद्या करतो फोन."

"कर," मी म्हटलं. "रोज करत जा."

फोन ठेवला, कोहळं कमरेवर घेतलं आणि मनिरामभाऊजींकडे निघाले. मोठा भाग तेच ठेवून घेणार, मला माहीत आहे. घेऊ देत.